मुक्कामी गाडीचा हिशोब
(द्वितीय वर्ष, बी.ए.)

आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी एकदा वर्गात विचारले, "आज एस.टी.ने कोण कोण आले?" निम्म्याहून अधिक हात वर झाले. सर म्हणाले, "नियोजन हा विषय तुम्ही पुस्तकातून पाठ करता आणि रोज त्याच्यात बसून येता." सर्व वर्ग हसला. मीही हसले, पण ते वाक्य मनातून गेले नाही. प्रस्तुत लेखाचे मूळ त्या वाक्यात आहे.

आमचे गाव तालुक्याच्या ठिकाणापासून बावीस किलोमीटर आत आहे. रात्री साडेआठच्या सुमारास एक गाडी गावात येते, मारुतीच्या पारासमोर उभी राहते आणि सकाळी सहाला निघते. हिला मुक्कामी गाडी म्हणतात. ड्रायव्हर आणि कंडक्टरमास्तर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात. माझी आजी अजूनही 'यष्टी' म्हणते आणि यष्टीच्या हॉर्नवर चूल पेटवते. आईच्या लहानपणी गावात चौथीपर्यंतच शाळा होती आणि गाडी नव्हती, म्हणून आईचे शिक्षण चौथीवर थांबले. माझे थांबले नाही. पाचवीपासून बारावीपर्यंत मी अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या मोफत पासावर गेले, आता एक तृतीयांश पैसे भरून महिन्याचा पास काढते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. यात माझी हुशारी किती आणि सहाच्या गाडीचा वाटा किती, हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

यंदा दिवाळीनंतर गावात बोलवा उठली की मुक्कामी गाडी बंद होणार. ती खोटी निघाली. परंतु ज्या रात्री ती आमच्या घरी पोचली, त्या रात्री जेवताना अण्णा आईला एवढेच म्हणाले, "मग धाकटीचं दहावीनंतर बघू." धाकटी नववीत आहे. ती ताटावरून उठून गेली. मला झोप आली नाही. एका गाडीच्या जाण्यायेण्यावर एका मुलीचे शिक्षण अवलंबून असेल, तर ती गाडी ठेवायची की नाही हे कोण ठरवते, आणि तिचा खर्च कोण सोसतो? या दोन प्रश्नांचा शोध घ्यावा असे वाटले.

आपल्या जिल्ह्याला या बाबतीत एक मान आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे ते नगर या मार्गावर धावली. त्यापूर्वी खाजगी सर्व्हिस मोटारी होत्या. मालकाच्या मर्जीने सुटत आणि भरल्याशिवाय हलत नसत, असे जुनी माणसे सांगतात. १९५० साली केंद्राने मार्ग परिवहन महामंडळ कायदा केला, आणि संयुक्त महाराष्ट्रानंतर १९६१ साली मुंबई राज्य, विदर्भ व मराठवाडा येथील सेवा एकत्र येऊन आजचे महामंडळ झाले. 'रस्ता तेथे एस.टी.' ही घोषणा तर आपल्या सर्वांना तोंडपाठ आहे.

त्या १९५०च्या कायद्यातील दोन कलमे विद्यार्थ्यांनी शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. कलम १८ म्हणते, महामंडळाने कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसंघटित वाहतूकसेवा पुरवावी. कलम २२ म्हणते, महामंडळाने आपला कारभार धंद्याच्या तत्त्वावर करावा. 'पुरेशी' हा शब्द आमच्या गावाच्या बाजूचा आहे, 'धंदा' हा शब्द हिशोबाच्या वहीच्या बाजूचा. दोन्ही एकाच कायद्यात आहेत, आणि आमची मुक्कामी गाडी रोज पहाटे या दोन कलमांच्या मधून निघते.

आता हिशोब करून पाहू. हे आकडे कोणत्याही अहवालातले नाहीत. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून मी ते धरले आहेत. रीत तेवढी खरी आहे. समजा, गाडी एक किलोमीटर चालवायला सर्व मिळून ६० रुपये खर्च येतो. यात डिझेल, टायर, दोघांचे पगार, गाडीची झीज सर्व आले. गाडीत चार माणसे असोत की चाळीस, हा खर्च फारसा बदलत नाही. रात्रीची येण्याची फेरी २२ किलोमीटर, सकाळची जाण्याची २२, एकूण ४४. म्हणजे खर्च २,६४० रुपये. एस.टी.चे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने आकारतात. बावीस किलोमीटरचे चार टप्पे होतात. टप्प्याला ढोबळ दहा रुपये धरले, तर पूर्ण तिकीट ४० रुपये.

सकाळच्या गाडीत समजा ४० जण आहेत. सहा पुरुष पूर्ण तिकिटाचे: २४० रुपये. दहा बायका अर्ध्या तिकिटाच्या: २००. बारा शाळेच्या मुली मोफत पासाच्या: शून्य. माझ्यासारखे बारा कॉलेजचे, एक तृतीयांश भरणारे: १६०. प्रवाशांकडून आले फक्त ६०० रुपये. उरलेले हजार रुपये सवलतीचे आहेत. ते शासन महामंडळाला देते. समजा ते वेळच्या वेळी आणि पूर्ण आले. मग सकाळच्या फेरीचे झाले १,६००. रात्रीच्या फेरीला माणसे कमी. पंधरा धरली तर सवलतीसह ६००. दोन्ही मिळून २,२०० रुपये.

म्हणजे सकाळी पाय ठेवायला जागा नसलेली आमची गाडी रोज ४४० रुपये तोट्यात आहे!

हे उत्तर आले तेव्हा मी पुन्हा दोनदा बेरीज केली. आपण समजतो की गाडी भरली की फायदा. परंतु खेड्यातली गर्दी एकाच बाजूची असते. सकाळी सर्व जण बाहेर जातात, संध्याकाळी परततात. उलट्या बाजूने गाडी रिकामीच धावते. शिवाय तिकिटावरचा प्रवासी कर मी यात धरलेलाच नाही. १९५८च्या कायद्याने बसवलेला हा कर साडेसतरा टक्के आहे, आणि ती महामंडळाची जुनी तक्रार आहे. शासन एका हाताने सवलतीचे पैसे देते आणि दुसऱ्या हाताने कर घेते, हे गणित मला तरी उमगलेले नाही.

पूर्वी हा तोटा कोण भरत असे? पुणे-नगर, पुणे-नाशिक असे दोन्ही बाजूंनी भरून वाहणारे मार्ग. थोरल्या भावाने कमवावे आणि धाकट्यांना शिकवावे, तसे लांब पल्ल्याच्या गाड्यांनी आडमार्गावरच्या फेऱ्यांना पोसले. टप्पा वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण याच कारणासाठी होते. सगळे मार्ग एका हातात असले तरच एकाची साय दुसऱ्याच्या भाकरीवर पडते. पुढे त्या चांगल्या मार्गांवर खाजगी आरामगाड्या आल्या. त्यांनी साय घेतली. आमच्या गावची फेरी मात्र कोणी घेतली नाही, आणि घेणारही नाही. २०२५ साली महामंडळाच्या आर्थिक स्थितीवर श्वेतपत्रिका निघाली, त्यात साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचे नमूद आहे. त्याच वर्षी जानेवारीत भाडेवाढही झाली, जवळजवळ पंधरा टक्के. अशा वेळी आगारात बसलेल्या अधिकाऱ्याने कमी भारमानाच्या फेऱ्यांच्या यादीवर बोट ठेवले तर त्याला वाईट म्हणता येत नाही. त्याच्या जागी मी असते तर कलम २२ उघडून मीही तेच केले असते.

इथे सवलतींविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण याबाबत वर्गात माझा पुष्कळांशी वाद झाला. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीपुढील वृद्धांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे, १७ मार्च २०२३पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. माझी आजी त्यानंतर प्रथमच एकटी बहिणीकडे जाऊन आली. तेव्हा सवलत वाईट असे मी कधीच म्हणणार नाही. माझे म्हणणे निराळे आहे. सवलत प्रवाशाला मिळते, गाडीला मिळत नाही. ज्या गावात दिवसाला सहा गाड्या येतात तिथल्या बाईला अर्ध्या तिकिटाचा लाभ सहा वेळा, आमच्या गावात एकदा, आणि आमच्या पलीकडच्या वाडीवर गाडीच जात नाही, तिथे सवलत कागदावरच राहते. शासनाचा पैसा आधीच जिथे गर्दी आहे तिकडे जातो. ज्या फेरीवाचून एखादे गाव तुटेल, त्या फेरीसाठी म्हणून वेगळा रुपया त्यात नाही.

मग तो रुपया कोणी द्यावा? इथे जिल्ह्याचा विचार आला. आपला अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा: १७,०४८ चौरस किलोमीटर. नागालँडचे सबंध राज्य याहून लहान आहे. तालुके चौदा. अकोल्याच्या डोंगरात कळसूबाई, तर दुसऱ्या टोकाला जामखेड. २०११च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या पंचेचाळीस लाखांवर, आणि दर पाचांपैकी चार माणसे खेड्यात राहणारी. दौंड-मनमाड लोहमार्ग जिल्ह्याच्या मधून जातो. परंतु पारनेर, पाथर्डी, शेवगाव, नेवासे, अकोले या गावांच्या माणसाला स्टेशन गाठायलाही आधी एस.टी.च गाठावी लागते.

एवढ्या मोठ्या जिल्ह्याच्या वाहतुकीचा आराखडा कोण करते, हे शोधताना मी चक्रावून गेले. ७४व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती आली. महाराष्ट्राने तिचा कायदा १९९८ साली केला. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. शाळाखोल्या, आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते यांना जिल्ह्याच्या वार्षिक योजनेतून पैसा मिळतो. परंतु त्या शाळेपर्यंत, त्या दवाखान्यापर्यंत गाडी किती वाजता जाईल, हे एस.टी.चा विभाग आपल्या वेळापत्रकात ठरवतो आणि त्याचा तोटाही तोच सोसतो. शाळा बांधणारा एक, तिथे मुलीला नेणारा दुसरा. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांची यादी आहे, तीत बस थांबे आहेत, बस नाही. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी रस्ते, पूल आणि 'दळणवळणाची इतर साधने' आहेत. या 'इतर साधनां'त आमची मुक्कामी गाडी बसते की नाही, हे कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सांगावे.

याचे एक कारण मला असे दिसते की बांधण्यासाठी पैसा मिळतो, चालवण्यासाठी मिळत नाही. बांधलेले दिसते, त्याला कोनशिला लागते. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ साली मंजूर झाला. निम्मा खर्च राज्याने उचलायचे ठरले. सप्टेंबर २०२२मध्ये गाडी आष्टीपर्यंत गेली, सप्टेंबर २०२५मध्ये बीडला. तीस वर्षे लागली, पण लोक नाचले, आणि नाचावे असाच तो प्रसंग होता. फेरी मात्र रोज नव्याने द्यावी लागते आणि रोज संपून जाते. तिची फीत कापणार कोण? केंद्राने २०२३ साली विजेवर चालणाऱ्या दहा हजार गाड्यांची योजना केली, ती शहरांसाठी. शहराचा मला हेवा नाही, पण आमच्या पारापर्यंत त्यातली एकही येणार नाही.

इतर देशांत जिल्ह्याच्या पातळीवर हा प्रश्न कसा सोडवतात हे पाहावे म्हणून मी ग्रंथालयात बसले. तिकडे काउंटी असते. म्हणजे स्थूलमानाने आपला जिल्हाच, फक्त तिच्या हाती आपल्या जिल्ह्यापेक्षा अधिक सत्ता. अमेरिकेत लॉस एंजेलिस काउंटीत नोव्हेंबर २००८मध्ये मतदारांपुढे एक प्रश्न ठेवला गेला: वाहतुकीसाठी दर डॉलरच्या खरेदीवर अर्धा सेंट जादा कर तीस वर्षे द्याल काय? कर मंजूर व्हायला दोन तृतीयांश मते लागतात. ती मिळाली. लोकांनी स्वतःवर कर बसवून घेतला! मला याहून महत्त्वाचे वाटले ते असे, की मतदानापूर्वीच पैशाची वाटणी छापलेली होती. नव्या रेल्वेमार्गांना व जलद बसमार्गांना ३५ टक्के, महामार्गांना २०, आणि नुसत्या बसगाड्या चालवण्यासाठी २०. चालवण्यासाठी! १५ टक्के तिथल्या स्थानिक संस्थांना परत. २०१२ साली कराची मुदत वाढवण्याचा प्रश्न आला, तेव्हा ६६ टक्क्यांवर मते पडूनही तो थोडक्यात हरला. २०१६ साली आणखी अर्ध्या सेंटला, तोही मुदतीवाचून, ७१ टक्के मते मिळाली. ती श्रीमंत माणसे, त्यांचे त्यांना परवडते, असे आमच्या वर्गात कोणी म्हणाले. असेल. परंतु आपला पैसा कशावर जाणार हे आधी कळले की गरीबही देतो. गावच्या जत्रेची वर्गणी कोणी बुडवत नाही.

उलट उदाहरण इंग्लंडचे आहे. तिथे १९८५च्या कायद्याने लंडन वगळता बसवाहतूक खुली केली, आणि ऑक्टोबर १९८६पासून ज्याला जो मार्ग परवडेल तो त्याने चालवावा असे झाले. जे मार्ग कोणालाच परवडत नाहीत पण लोकांना हवे आहेत, त्यांसाठी काउंटी परिषदेने निविदा काढाव्या आणि तूट भरून द्यावी, अशी सोय ठेवली. तत्त्व मला पटले: फेरीची तूट किती आणि ती कोण भरतो, हे त्यात उघड असते. परंतु तूट भरलीच पाहिजे असे कायद्याने बंधन नव्हते. २०१०नंतर सरकारी अनुदाने आटली तशी परिषदांनी प्रथम हीच रक्कम छाटली. ऑक्सफर्डशायर काउंटीने २०१६ साली बसफेऱ्यांची सर्व मदत बंद केली. जे विद्यापीठ आपण नकाशात शोधतो, त्याच्या भोवतालच्या खेड्यांतही थांब्यावर उभे राहून वाट पाहणारी माणसे आहेत, हे वाचून मला चमत्कारिक वाटले.

या सर्वांवरून माझ्या अल्पमतीला सुचते ते असे. दर गावाला दिवसाकाठी किती फेऱ्या हव्यातच, हे जिल्हा नियोजन समितीने ठरवावे. निदान सकाळी शाळा-कॉलेजच्या आणि दवाखान्याच्या वेळेला जाणारी एक व संध्याकाळी परतणारी एक. अशा फेऱ्यांची यादी जाहीर करावी. त्यांची तूट सवलतीत न मिसळता वेगळी मोजावी, आणि ती महामंडळाला किलोमीटरच्या हिशोबाने जिल्ह्याच्या योजनेतून द्यावी. इंग्लंडची चूक टाळायची तर ही रक्कम ऐच्छिक ठेवू नये. मग आगाराच्या अधिकाऱ्याला कलम २२ मोडावे लागणार नाही, आणि कलम १८ही पाळले जाईल.

किती पैसे लागतील? आमच्या धरलेल्या हिशोबाने रोजचे ४४०, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर १,३२,००० रुपये. सबंध गावाला वर्षभर बाहेरच्या जगाशी जोडून ठेवण्याची ही किंमत. एक किलोमीटर डांबरी रस्ता करायला याच्या कित्येक पट लागतात, आणि त्या रस्त्यावर गाडी नसेल तर तो ज्याच्याकडे फटफटी आहे त्याचाच.

यावर माझ्या चुलतभावाचे म्हणणे वेगळे आहे. तो म्हणतो, आता कोणाला एस.टी. हवी आहे? वडाप आहे, घरटी एक मोटरसायकल आहे. त्याचे अर्धे खरे आहे. वडापची जीप नसती तर दुपारी गावातून बाहेर पडताच आले नसते. पण जीप भरल्यावर सुटते, म्हणजे पहिल्या तासाला पोचायची खात्री नाही. पास तिच्यात चालत नाही. आणि घरटी एक मोटरसायकल असते ती घरातल्या मुलाची असते. माझ्याबरोबर दहावी झालेले मुलगे गाडी बंद झाली असती तरी कॉलेजला आलेच असते. मुलींपैकी किती आल्या असत्या, हे प्रत्येक घरी त्या रात्री ठरले असते, जसे आमच्या घरी जवळजवळ ठरलेच होते.

दुसरी शंका सरांनी काढली आणि ती मला अधिक अवघड वाटली. किलोमीटरने पैसे मिळू लागले तर गाडी रिकामी धावली काय, भरून धावली काय, कोणाला काय त्याचे? वेळेवर येण्याचेही कारण उरणार नाही. यावर मी असे सुचवते की फेरी वेळेवर आली-गेली याची नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी आणि पैसे त्या नोंदीवर द्यावेत. सर म्हणाले, ग्रामपंचायतीची नोंद खरी असेल कशावरून? यावर मात्र मला उत्तर सुचलेले नाही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत अण्णांनी मला हा हिशोब वाचून दाखवायला लावला. बायका बऱ्याच आल्या होत्या. सरपंच शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पोरी, हे तुझे धरलेले आकडे झाले. खरे आकडे आण, मग ठराव करू आणि जिल्ह्याला पाठवू." मला राग आला, मग पटले. तेव्हापासून मी रोज सकाळी वही घेऊन पुढच्या दाराजवळच्या बाकावर बसते. कंडक्टरमास्तर तिकिटे फाडता फाडता मोठ्याने मोजतात, म्हणजे मला ऐकू जावे. रात्रीच्या फेरीची मोजदाद धाकटी करते. गाडी पारापाशी आली की ती दिवा घेऊन उभी असते आणि उतरणारे लिहून घेते. तीन महिन्यांची वही १ मेच्या ग्रामसभेपुढे ठेवायची आहे.